चारा कमी पडला की

नडगी दुखत होती म्हणून गेले होते, एवढंच. डावा पाय, घोट्याच्या वर वीतभर. हाडावर बोट टेकवलं की डोळ्यांत पाणी यायचं. तीन आठवड्यांपूर्वी एक्स-रे काढला होता, त्यात काहीच दिसलं नव्हतं. आमच्या ग्राउंडवर नडगी दुखण्याला ‘शिन’ म्हणतात आणि कुणाची ना कुणाची शिन कायम चालू असते. बर्फ लावायचा, पट्टी बांधायची, पळायचं. मीही पळत राहिले. मग एका सकाळी पुण्यातल्या तळजाई टेकडीच्या उतारावर डावा पाय टेकवेचना आणि मैत्रिणीच्या स्कूटीवरून होस्टेलला परत आले.

डिसेंबर २०१९ होता. आई गावाहून आली होती, एमआरआयचे पैसे पिशवीच्या आतल्या कप्प्यात बांधून. खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या डॉक्टर मॅडमनी फिल्म उजेडावर धरली, हाडातली चीर दाखवली. ‘स्ट्रेस फ्रॅक्चर. एक्स-रेत सुरुवातीला बऱ्याचदा दिसत नाही.’ मग फिल्म खाली ठेवून त्यांनी विचारलं, ‘शेवटची पाळी कधी आली होती?’

मला वाटलं, चुकून दुसऱ्याच पेशंटचा प्रश्न मला विचारला.

आईनंच उत्तर दिलं. ‘पळणाऱ्या पोरींची जातीच की, मॅडम. सरांनी सांगितलंय.’

‘किती महिने?’

मी मनात मोजलं. ऑक्टोबर २०१८. म्हणजे चौदा. मध्ये तीन महिने गोळ्यांनी आली होती, ती धरली तर कमी. मॅडम म्हणाल्या, गोळ्यांची धरायची नाही. ती गोळीची पाळी, तुझी नव्हे.

*

आमचं गाव माण तालुक्यात. ललिता बाबर आमच्याच तालुक्यातल्या मोहीची. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ती तीन हजार मीटर स्टीपलचेसची फायनल धावली, दहावी आली, तेव्हा मी दहावी पास होऊन अकरावीत गेले होते आणि शाळेतल्या सरांनी आम्हा मुलींना टीव्हीसमोर बसवलं होतं. रिले सोडली तर पी. टी. उषानंतर ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर फायनल गाठणारी ती पहिली भारतीय बाई. त्यानंतर आमच्याकडे जी मुलगी जरा बरी पळायची तिला ‘ललिताताई’ म्हणायची पद्धतच पडली. मलाही म्हणायचे. बारावीनंतर पुण्यात खेळाच्या कोट्यातून प्रवेश मिळाला. पाच हजार मीटर, म्हणजे ट्रॅकच्या साडेबारा फेऱ्या. जुलै २०१८मध्ये मी १८ मिनिटं ४० सेकंदांत पळायचे.

पुण्यातले आमचे कोच, त्या सरांकडे वजनकाटा होता. दर सोमवारी सकाळी, सगळ्यांसमोर. सर आकडा मोठ्यानं वाचायचे आणि एक मुलगा वहीत लिहायचा. सर वाईट नव्हते, हे आधीच सांगते. माझी फी एकदा त्यांनी स्वतःच्या खिशातून भरली आहे. पण पहिल्याच महिन्यात ते म्हणाले, ‘दोन किलो उतरव, मग बघ फेऱ्या कशा उडतात.’ मी उतरवले. फेऱ्या खरंच उडाल्या. मार्चमध्ये माझी वेळ १७:४४ झाली होती.

इथेच सगळी गोम आहे आणि ती कुणी सांगत नाही. सुरुवातीला फायदा होतो. काही महिने माणूस हलका होतो आणि हलकं पळतो, आणि हाडं, रक्त, हार्मोन यांची उधारी वहीत चढत असते ती दिसत नाही. पहिल्याच महिन्यात चक्कर येऊन पडले असते तर दुसऱ्या दिवशी मुकाट जेवायला बसले असते.

मी किती खायचे, वजन कितीवर गेलं, काय काय युक्त्या केल्या, हे इथे लिहिणार नाही. लाज वाटते म्हणून नव्हे. मी आजारी असताना असली कथनं शोधून शोधून वाचायचे आणि त्यातले आकडे स्वतःला लावून बघायचे. माझ्यासारखी कुणी हे वाचत असेल तर तिला माझ्याकडून आकडा मिळणार नाही.

उपासांबद्दल मात्र लिहिते. गुरुवार, संकष्टी, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस. आमच्या घरात आजी सगळं करते. पण तिचा उपास म्हणजे सकाळी साबुदाणा, दुपारी वरई आणि शेंगदाण्याची आमटी, संध्याकाळी रताळं. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते तिच्याकडे बघूनच म्हटलं असावं. मी होस्टेलवर उपास धरायला लागले ते नुसत्या पाण्यावर. मेसमधल्या काकूंनी एकदा विचारलं, ‘अगं, काल गुरुवार होता, आज कसला?’ मी म्हणाले, नवस आहे. काकूंनी हात जोडले! इतर मुली म्हणायच्या, केवढा कंट्रोल आहे हिचा. घरी फोनवर सांगितलं की आजी खूश, शहरात जाऊनही पोरगी देवधर्म विसरली नाही. मला ताट नाकारायचं होतं आणि ताट नाकारायला आपल्याकडे देवाइतकी पक्की सबब दुसरी नाही.

हे एकदा लक्षात आल्यावर मागं वळून बघितलं तर सगळ्याच लक्षणांचं कौतुक झालेलं दिसतं. सकाळी उठल्यावर नाडीचे ठोके मिनिटाला चाळिसाच्या आसपास. सर म्हणाले, ‘इंजिन बघा पोरीचं.’ पाळी गेली. सीनियर मुली म्हणाल्या, सुटलीस, स्पर्धेच्या दिवशी कटकट नाही. रात्री झोप लागायची नाही म्हणून साडेतीनला उठून व्यायाम करायचे. रेक्टर बाई इतर पोरींना माझं उदाहरण द्यायच्या. मे महिन्यातही हात गार. दंडावर बारीक मऊ लव आली होती, केस कंगव्यात गोळ्यानं यायचे. त्याचं तेवढं कौतुक झालं नाही, पण ते मी पूर्ण बाह्यांच्या टी-शर्टात आणि घट्ट वेणीत झाकत होते.

आणि रात्री मोबाइलवर काय बघायचे? स्वयंपाकाचे व्हिडिओ. मिसळ, पुरणपोळी, तांबडा रस्सा, बेकरीवाले पाव कसे भाजतात ते. तासन्‌तास. रूममेटला वाटायचं, हिला स्वयंपाकाची केवढी हौस. पुढे कळलं की उपाशी डोकं असंच वागतं. त्याला दुसरं काही सुचतच नाही. अर्थशास्त्राच्या पेपरात मी समासात भाज्यांची यादी लिहिली होती.

डॉक्टरकडे मी त्याआधीही गेले होते बरं का. फेब्रुवारी २०१९मध्ये पाळीसाठी. सोनोग्राफी झाली, ‘पीसीओडी दिसतंय, हल्ली सगळ्याच मुलींना असतं’ असं ऐकलं. पीसीओडी म्हणजे बीजकोशांचा विकार, त्यातही पाळी चुकते. तीन महिन्यांच्या गोळ्या मिळाल्या. आणि सल्ला मिळाला: गोड बंद, भात कमी, वजन ताब्यात ठेव. मी कॉलेजच्या ट्रॅकसूटमध्ये समोर बसले होते. मी किती पळते, काय खाते हे विचारलंच गेलं नाही. मी आनंदानं घरी आले. भात सोडायला आता डॉक्टरांचा कागद होता.

पाच-सहा महिन्यांत वेळ घसरायला लागली. १८:१०, १८:३५, मग १९ च्या वर. मी जास्त पळायला लागले. नवरात्रात नऊ दिवस कडक उपास आणि दोन वेळचं ट्रेनिंग. नोव्हेंबरात नडगी दुखायला लागली.

*

तर त्या डिसेंबरातल्या केबिनमध्ये मॅडम आईला समजावत होत्या. पळायला जी ताकद लागते ती आधी जाते. उरलं तर शरीराच्या बाकीच्या कामांना. उरलंच नाही तर शरीर एकेक काम बंद करतं, आणि ज्याच्यावाचून आज जीव जाणार नाही ते आधी. त्या ‘इस्ट्रोजेन’ म्हणाल्या, ‘हायपोथॅलॅमस’ म्हणाल्या. आईचा चेहरा कोराच. मग अचानक आई म्हणाली,

‘म्हंजी चारा कमी पडला की म्हस माजावर येत न्हाई, तसं?’

मॅडम एकदम थांबल्या. मग खुर्चीतून पुढं झुकून म्हणाल्या, ‘अगदी तसंच. मला हे इतकं सोपं सांगता आलं नसतं.’

त्या वर्षी आमच्याकडे दुष्काळ होता, जनावरं चारा छावणीत होती. उन्हाळाभर आई छावणीत राहून आली होती. कुठल्या म्हशीला पेंड कमी पडली, कुठली माजावर आलीच नाही, हे तिला पाठ. ती माझ्याकडे वळून बघायला लागली, आणि ती नजर मी विसरणार नाही. छावणीत एखाद्या जनावराच्या फासळ्यांवरून हात फिरवताना असायची ना, तशी. सव्वा वर्षात तिनं मला पहिल्यांदा नीट पाहिलं असं वाटलं. खरं म्हणजे मीच तिला बघू दिलं नव्हतं. गणपतीला गावी गेले नाही, दिवाळीला दोन दिवस स्वेटर घालून काढले.

मॅडमनी दोन नावं सांगितली. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक तज्ज्ञांनी खेळाडू मुलींमधल्या तीन गोष्टींची सांगड घातली: बिघडलेलं खाणं, गेलेली पाळी, ठिसूळ हाडं. त्याला ‘फीमेल ॲथलीट ट्रायड’ म्हणायचे. पुढे २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी ते वाढवून ‘रेड-एस’ केलं, म्हणजे खेळाच्या मानानं शरीराला ऊर्जा कमी पडल्यानं होणारा बिघाड, कारण हृदय, आतडी, थायरॉइड, प्रतिकारशक्ती, मन, काहीच सुटत नाही. आणि हे मुलांनाही होतं. मॅडमनी फोनवर एक बातमीही दाखवली, तेव्हा महिनाभरापूर्वीची. मेरी केन नावाची अमेरिकन धावपटू, शाळेत असतानाच जगात नाव झालेली, सांगत होती की वजन उतरवण्याच्या नादात तीन वर्षं पाळी गेली आणि पाच हाडं मोडली. मी ती बातमी वाचली आणि मनात आलं, पाच! माझं तर एकच मोडलंय, म्हणजे मी अजून तितकी आजारी नाही. हे मी मॅडमना सांगितलं नाही. पुढे मानसोपचारवाल्या मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, हा विचार तुझा नाही, आजाराचा आहे, आणि तो तुला नेहमी हेच सांगेल की अजून वेळ आहे.

तपासण्यांचा तो आठवडा लांबच लांब होता. रक्तात फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तळाला, ड जीवनसत्त्व तळाला, थायरॉइडचं टी-३ कमी, पाळी चालवणारी हार्मोन एलएच आणि इस्ट्रोजेन जवळजवळ नाहीच. आधी लघवीची गरोदरपणाची चाचणी. पाळी चुकली की ती करतातच, पण आईसमोर त्या बाईंनी बाटली हातात दिली तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई म्हणाली, ‘दे करून, कागदाला लागत असंल.’ ईसीजी झाला. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये मणक्यांचा झेड-स्कोअर उणे दोनच्या खाली, म्हणजे वयाच्या मानानं हाडं फारच विरळ. माझं वय एकोणीस. त्या वयात हाडांची भर पडत असते, ती ठेव मी मोडून खाल्ली होती. पीसीओडीही नव्हताच, उपाशी राहिल्यानं बीजकोश झोपले होते. ज्या गोळ्यांनी पाळी ‘आली’ होती त्यांचा हाडांना काही फायदा झाला नव्हता, उलट सगळं ठीक आहे असं मात्र सगळ्यांना वाटलं होतं.

*

उपचाराला तीन माणसं लागली: पायाच्या डॉक्टर मॅडम, एक आहारतज्ज्ञ आणि एक मानसोपचारतज्ज्ञ. पहिल्या दोघींना घरातून हरकत नव्हती. तिसरीला होती. माझे वडील, आण्णा, फोनवर म्हणाले, ‘पोरगीचं पाय मोडलंय, डोकं न्हाई.’ आईनं त्यांना काय सांगितलं मला माहीत नाही. ती फोन घेऊन जिन्यात गेली आणि अर्ध्या तासानं आली. आण्णा पुढच्या एसटीनं आले आणि मानसोपचाराच्या पहिल्या तीन वेळा बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसले. चौथ्या वेळी आत आले.

मानसोपचारवाल्या मॅडमकडेही वजनकाटा होता. पण तिथं काट्याकडे पाठ करून उभं राहायचं. आकडा त्या बघायच्या, मनातच वाचायच्या, लिहून ठेवायच्या, मला सांगायच्या नाहीत. पहिल्या वेळी मी मान वळवायचा प्रयत्न केला. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘सोमवारचा काटा वेगळा होता. हा माझा आहे.’ मला अॅनोरेक्सिया आहे, म्हणजे वजनाच्या धास्तीनं जेवण टाळण्याचा आजार, हे त्यांनी सरळ नाव घेऊन सांगितलं. मी म्हणाले, पण मी जेवते की. त्या म्हणाल्या, ‘हो, सगळेच जेवतात.’

सुरुवातीचे दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी रक्त द्यावं लागलं. खूप दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घातलं तर रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम झपकन उतरतं आणि हृदयावर बेततं, म्हणून पायरीपायरीनं वाढवायचं. गावाकडं आई लगेच तुपाचं वाडगं पुढं करणार होती, तिला थोपवलं. हे घरच्या घरी करायचं काम नाही, एवढं वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

आहारतज्ज्ञ ताईंनी कागदावर तीन जेवणं आणि तीन मधली खाणी लिहून दिली. त्यात परदेशी काही नव्हतं. भाकरी, मटकी, अंडी, दही, शेंगदाण्याचा लाडू, केळं, दूध. सगळं घरातलं. आणि खाली लाल पेनानं: ‘उपवास नाही. एकही नाही.’

हा कागद आजीपर्यंत पोचवायचा कुणी? आण्णांनीच वाचून दाखवला. आजी बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, ‘नवस फेडल्याबिगर सोडायचा कसा?’ मी तिला सांगितलं की नवस वगैरे काही नव्हता, मी खोटं बोलले होते. ती म्हणाली, ‘तू खोटं बोललीस, देवानं खरं ऐकलं असंल तर?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनंच तोडगा काढला. माझ्या वाटणीचे उपास ती करणार. पण गुरुवार, संकष्टी, एकादशी तर ती स्वतःचीच करत होती. एका दिवशी दोन उपास कसे करायचे? म्हणून माझ्या नावानं तिनं सोमवार धरला.

*

फेब्रुवारी २०२० मध्ये भुवनेश्वरला पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा भरल्या. आमच्या ग्रुपमधल्या दोघी गेल्या. मी पायात गुडघ्यापर्यंतचा बूट घालून होस्टेलच्या पलंगावर त्यांचे स्टेटस बघत होते, समोर शेंगदाण्याचा लाडू. तो लाडू खायला पन्नास मिनिटं लागली. आई समोर बसून गवार निवडत होती. मॅडमनी सांगितलं होतं की जेवताना तिनं तिथंच बसायचं, पण खाण्याबद्दल बोलायचं नाही. भांडायचं नाही, समजावायचं नाही, ताट उचलायचंही नाही.

मग मार्च आला आणि सगळंच बंद झालं. आम्ही शेवटच्या गाडीनं गावी पोचलो. लोकांचं लॉकडाऊनमध्ये काय काय गेलं हे मला माहीत आहे, आमच्याही घरातली दुधाची विक्री पडली. तरी मला सांगायलाच हवं: तो काळ नसता तर मी बरी झाले नसते. ग्राउंड नाही, सर नाहीत, सोमवार नाही. दिवसातनं सहा वेळा घरातली चारही माणसं एका जागी. डॉक्टरांना फोनवर तपासायची परवानगी मिळाली होती, पण रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. मानसोपचाराची सेशन्स मी टाकीच्या सावलीत बसून केली, शेजारी शेळ्या.

तिथली जेवणं सोपी नव्हती. एप्रिलमध्ये एकदा मी ताट भिंतीवर मारलं. हुलग्याचं माडगं होतं, त्याचा डाग चुन्यावर अजून आहे. आई उठली, दुसरं ताट वाढलं, समोर ठेवलं, पुन्हा जागेवर बसली. आण्णांनी एक शब्द काढला नाही, पण त्यांची एक रीत होती: मी पहिला घास घेईपर्यंत ते जेवायला सुरुवात करायचे नाहीत. कधी कधी त्यांची भाकरी वाळून कडक व्हायची. शेतातनं आलेला माणूस, भुकेला, समोर ताट, आणि हात मांडीवर. मला राग यायचा. हा अत्याचार आहे असं मी मॅडमना टाकीजवळून सांगायचे. त्या विचारायच्या, ‘मग घेतलास घास?’ घेतलेला असायचा.

शरीर बरं होताना छान वाटतं असं मला वाटलं होतं. छान काही नव्हतं. पाय सुजले, चपला होईनात. पोट ढोलासारखं. रात्री अंथरूण भिजेल इतका घाम. आणि मेनंतर भूक आली. तिला भूक म्हणायची का मला कळत नाही. जेवून उठले की पुन्हा डब्याजवळ उभी. मी घाबरून फोन केला की आता उलटंच होणार, मी थांबूच शकणार नाही. आहारतज्ज्ञ ताई म्हणाल्या, ‘दीड वर्षाची थकबाकी आहे, देऊन टाक.’ दोन-अडीच महिन्यांनी ती भूक आपोआप माणसासारखी झाली.

गल्लीतल्या बायांचं बोलणं त्याहून अवघड. ‘तब्येत झाली की गं!’ ‘लॉकडाऊन मानवलं पोरीला.’ त्या प्रेमानं म्हणायच्या. आमच्याकडे तब्येत होणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण मी घरात येऊन आरशाला टॉवेल लावायचे. आईनं मग आरसाच काढून माळ्यावर टाकला. आण्णा दोन महिने मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघून दाढी करत होते.

सप्टेंबरात, पितृपक्षात, पाळी आली. मी न्हाणीतून आईला हाक मारली. आई बाहेरच रडायला लागली. आजीला कळलं तशी ती उंबऱ्यात येऊन शेजारच्या काकींना ओरडून म्हणाली, ‘आमच्या पोरीला कावळा शिवला!’ आणि मुठीनं साखर वाटली. उभ्या जन्मात ज्या गोष्टीबद्दल ती कुजबुजत बोलली ती तिनं गल्लीभर केली. त्यानंतर लगेच मला म्हणाली, ‘आता पाच दिस देवाकडं जाऊ नगं.’

*

पळायला परवानगी मिळाली ती त्याच्या पुढच्या महिन्यात: एक मिनिट पळ, चार मिनिटं चाल. पाय केव्हाच जुळला होता, पण डॉक्टर मॅडमची अट होती की आधी पाळी, मग पळणं. २०२१ मध्ये डेक्सा पुन्हा केला. सुधारला होता, पुरता भरला नव्हता. तो कदाचित पुरता भरणारही नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

त्याच वर्षी कॉलेज सुरू झालं आणि तीन आठवड्यांत मी पुन्हा एक जेवण गाळायला लागले. या वेळी रूममेटनं आईला फोन केला. मी तिच्याशी महिनाभर बोलले नाही. आता तिच्या मुलाची मी मावशी आहे.

सरांना मी एकदा सगळे रिपोर्ट नेऊन दाखवले. त्यांनी चष्मा लावून पानन्‌पान वाचलं. म्हणाले, ‘आम्हाला हे कुणी शिकवलंच नाही गं. आमच्या कोचनी आम्हाला असंच पळवलं.’ सोमवारचं वजन मोठ्यानं वाचणं बंद झालं. काटा मात्र तिथंच आहे, स्टोअरच्या दाराशी, आणि मुली जाता-येता त्यावर उभ्या राहतात. सर अजूनही ‘जरा हलकी हो’ म्हणतात, आणि मला बघितलं की गप्प होतात.

२०२२ मध्ये मी शेवटची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा पळाले. १७:५२. माझ्या सर्वोत्तम वेळेपेक्षा आठ सेकंद जास्त. बरी झाल्यावर मी आधीपेक्षाही जोरात पळाले असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. आठ सेकंद राहिले ते राहिलेच. ते कधी कधी मला रात्री आठवतात.

हल्ली मी गावाजवळच्या शाळेत खेळ शिकवते. ऑगस्ट २०२४ मध्ये विनेश फोगाटची बातमी आली; पॅरिसला पन्नास किलोची फायनल गाठली आणि सकाळच्या वजनात शंभर ग्रॅम जास्त भरली म्हणून बाद. रात्रभर पळाली, घाम काढला, केसही कापले. कुस्तीतलं वजन उतरवणं आणि माझा आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कळतं. तरी टीव्हीसमोर माझे हात गार पडले. आईनं विचारलं, ‘शंभर ग्रॅम म्हंजी किती गं?’ मी म्हणाले, एका मोठ्या भाकरीचं पीठ. ती काही बोलली नाही, टीव्ही बंद करून म्हशीकडं गेली.

आजी आता ऐंशीच्या पुढे आहे आणि अजून सोमवार धरते. तिच्या कंबरेच्या हाडाची मला काळजी वाटते, माझ्यापेक्षा तिलाच जेवायची गरज आहे. मी दर महिन्याला सांगते की आता सोड. ती विचारते, ‘आली का?’ मी म्हणते, आली. ती म्हणते, ‘बरं, मग पुढच्या महिन्यात बघू.’